भरतीच्या वेळा आणि आपला नदीकाठ

(गेल्या वर्षीच्या गणेशोत्सवात तिसऱ्या दिवशी संध्याकाळी मंडळाच्या सभागृहात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर. बोलताना जे तोंडी आले ते बहुतेक तसेच ठेवले आहे.)



चिटणीसांनी मला फोन केला तेव्हा म्हणाले, "तुम्ही पाण्याचं काम करता, पणजीच्या नदीकाठाविषयी काहीतरी बोला." मी त्यांना दोन गोष्टी आधीच सांगितल्या. एक, मी वक्ता नाही. अल्तिनोवरच्या पॉलिटेक्निकमधून स्थापत्याचा डिप्लोमा केलेला राज्य सरकारचा नोकर आहे, आणि वीस वर्षांच्या नोकरीत माझे सगळे लिखाण फायलीवरच झालेले आहे. दुसरी, नोकरीत असल्यामुळे कुठल्या मंत्र्याचे बरोबर आणि कुठल्याचे चूक हे माझ्याकडून ऐकायला मिळणार नाही. तरी बोला म्हणाले. तेव्हा बोलतो.

आपल्यापैकी बऱ्याच घरांचा या नदीशी संबंध आगबोटीपासूनचा आहे. माझे आजोबा मुक्तीनंतर मराठी शाळेवर शिक्षक म्हणून इकडे आले ते मुंबईच्या बोटीने, आणि पणजीच्या धक्क्यावर उतरले. पत्र्याची ट्रंक आणि आजीने दिलेले तांदळाचे गाठोडे एवढाच ऐवज. माझी स्वतःची पहिली आठवण मात्र पुलाची आहे. ५ जुलै १९८६ ला मांडवीवरचा पूल पडला. वीस वर्षेसुद्धा न झालेला पूल. मी पाच वर्षांचा होतो. आमचे घर तेव्हा पर्वरीला, वडिलांची नोकरी पणजीत. दुसऱ्या दिवसापासून बेतीच्या फेरीधक्क्यावर ही गर्दी! वडील मला एकदा खांद्यावर घेऊन पलीकडे गेले होते. फेरीबोटीतला खलाशी दोर टाकताना ओरडायचा आणि लोक बोट टेकायच्या आत उड्या मारायचे. नवा पूल होईपर्यंत हेच चालले. पूल असला की नदी खालून वाहते एवढेच आपल्याला कळते, पूल नसला की तिच्या मनाप्रमाणे चालावे लागते. आता तीन पूल आहेत, तिसरा अटल सेतू २०१९ च्या जानेवारीत सुरू झाला. त्यामुळे नदीकडे बघायचे कारणच उरलेले नाही. बघितलीच तर कॅसिनोच्या दिव्यांसाठी.

माझे एक आतेभाऊ वडोदऱ्याला असतात. तीन पिढ्या तिकडे. दर दिवाळीला फोन करतात आणि म्हणतात, "आमच्या अहमदाबादच्या साबरमतीसारखं करा की तुमच्या पणजीत. काय तो रिव्हरफ्रंट!" मी बघून आलोय. काम चांगले आहे, त्याबद्दल वाद नाही. पण तिथे दोन्ही बाजूंनी भिंती बांधून नदी सरसकट २६३ मीटर रुंद केलेली आहे. पाणी नर्मदेच्या कालव्याचे, आणि खाली वासण्याच्या बंधाऱ्याने अडवून त्याची पातळी धरून ठेवलेली. म्हणजे एका अर्थी तो लांबलचक तलाव आहे. मांडवीला कोण अडवणार? ती वर खानापूर तालुक्यात भीमगडच्या जंगलात म्हादई म्हणून जन्माला येते. बेळगावची मंडळी इथे आहेत, त्यांना ठाऊकच आहे, आणि त्या पाण्यावरून कर्नाटक, गोवा, महाराष्ट्र यांची भांडणे लवादापर्यंत गेली तेही ठाऊक आहे. पण पणजीपाशी पोचेपर्यंत ती नुसती नदी राहत नाही, निम्मी समुद्र झालेली असते. दिवसातून दोनदा भरती, दोनदा सुकती. उधाणाला पाणी दोन मीटरच्या आसपास चढ-उतार करते, भांगाला एक मीटरच्या आतबाहेर. मुंबईवाल्यांना हे किरकोळ वाटेल, त्यांच्याकडे याच्या दुप्पट होते. पण पणजी इतकी सखल आहे की आम्हाला एक वीत पाणीसुद्धा पुरते.

मुळात पणजीचा खालचा भाग हा भराव आणि खाजन. १८४३ मध्ये पोर्तुगिजांनी राजधानी अधिकृतपणे इथे आणली तेव्हा शहर वाढवायला जागा कुठून आली? दलदल भरून. त्यांच्याही आधी आपल्या लोकांनी नदीकाठच्या खाऱ्या दलदलीला मातीचे बांध घालून खाजनशेती केलेली होती. बांधात ठिकठिकाणी मानस, म्हणजे लाकडी दार. ही मानस काय चीज आहे ते तरुणांना सांगतो, कारण पुढची सगळी गोष्ट तिच्यावर आहे. दार असे बसवलेले असते की सुकतीला आतले पाणी ते ढकलून बाहेर जाते, आणि भरतीला बाहेरचे पाणीच त्याला दाबून बंद करते. मोटर नाही, वीज नाही, ऑपरेटर नाही. फक्त एक माणूस लागतो, जो रोज जाऊन बघेल की दार नीट मिटते आहे का. आता त्याला आम्ही फ्लॅप गेट म्हणतो आणि निविदा काढतो. तत्त्व तेच, माणूस तेवढा कमी केला.

रायबंदरला जाताना डाव्या हाताला नदी आणि उजव्या हाताला मिठागरे असा जो रस्ता लागतो, तो सतराव्या शतकातला, लिन्यारिस या व्हाइसरॉयच्या नावाचा. तीनेक किलोमीटर लांब, जांभ्या दगडाचा. गंमत म्हणजे तो बांधणाऱ्यांनी खालून पाणी ये-जा करायला वाट ठेवली. म्हणून आजही पलीकडची मिठागरे आणि खारफुटी जिवंत आहेत. मी तिथून जातो तेव्हा माझ्या खात्यातल्या आणि शेजारच्या खात्यातल्या काही कामांची आठवण होऊन गप्प बसतो.

खात्यांचा विषय निघालाच आहे तर सांगतो. तुम्ही मिरामारला फिरायला जाता तेव्हा जे दिसते, त्याला मालक किती आहेत? पाण्यावरची वाहतूक, बोटी कुठे नांगरायच्या, बोया कुठे लावायचे, हे कॅप्टन ऑफ पोर्ट्सकडे. फेरीबोटी नदी परिवहन खात्याकडे. मासेमारीच्या होड्या मत्स्योद्योगाकडे. पदपथ, बाकडी, दिवे एकाकडे, भिंत दुसऱ्याकडे, गटार तिसऱ्याकडे, कचरा महापालिकेकडे. भरतीरेषेच्या आसपास काही करायचे तर सीआरझेडची परवानगी वेगळी. २०१६ साली पणजी स्मार्ट सिटीच्या यादीत आली, तेव्हापासून त्यासाठी कंपनी वेगळी. मांडवी शिवाय राष्ट्रीय जलमार्गही आहे, क्रमांक ६८. झुआरी १११ आणि दोघींना जोडणारा कुंभारजुव्याचा कालवा २७. म्हणजे दिल्लीही आलीच. यात कोणी वाईट नाही. पण पाणी एकच आहे, आणि त्याला कुठल्या खात्याची हद्द कुठे संपते ते वाचता येत नाही.

आमच्या धंद्यातली एक साधी चूक सांगतो, म्हणजे कल्पना येईल. भरतीच्या तक्त्यात पाण्याची उंची मोजतात ती अगदी खालच्या सुकतीच्या पातळीपासून. आणि रस्ते-गटारांच्या नकाशात उंची असते ती सरासरी समुद्रसपाटीपासून. दोन्ही शून्यांत इथे मीटरभराहून अधिक फरक आहे. एका खात्याचा नकाशा दुसऱ्याने घेतला आणि शून्य कुठले ते विचारले नाही, तर गटाराचे तोंड भरतीच्या पाण्याखाली जाते. कागदावर सगळे बरोबर असते. पावसाळ्यात कळते.

मरीनाबद्दल बोला असेही चिटणीसांनी लिहून दिले होते. झुआरीच्या खाडीत मरीना करायचे प्रस्ताव वर्षानुवर्षे चालू आहेत. नावशीच्या मासेमारांनी, आसपासच्या गावांनी विरोध केला, हे तुम्ही पेपरात वाचले आहे. मी नुसते तांत्रिक सांगतो. खासगी बोटी उभ्या करायला शांत पाणी लागते आणि बारा महिने ठरावीक खोली लागते. आपल्याकडे जून ते ऑगस्ट समुद्र कसा असतो? मांडवीच्या तोंडाशी आग्वादपाशी वाळूची दांडी आहे, तिच्यामुळे पावसाळ्यात बार्जसुद्धा तिथून न जाता कुंभारजुव्याच्या कालव्यातून मुरगावला जात असत. ज्यांनी हे ऐकले नाही त्यांचे काय होते? २००० साली एक मोठे जहाज कांदोळीच्या वाळूत रुतले, ते काढायला बारा वर्षे लागली. २०१७ च्या जुलैत एक कॅसिनो बोट मिरामारच्या वाळूवर येऊन बसली. तेव्हा मरीना करायचा तर लाटा अडवायला बांध हवा, आणि बांध घातला की गाळ बसणार, तो दरवर्षी उपसायला हवा. तो पैसा कोण देणार, उपसलेला गाळ कुठे टाकणार, आणि त्याच खाडीत चिखलीच्या बाजूला ज्या शिंपल्या आहेत त्यांचे काय, एवढ्या तीन प्रश्नांची उत्तरे अहवालात असली तर पुढे बोलावे. आपल्या जुन्या घरांच्या खिडक्यांना ज्या शिंपल्या लावलेल्या असतात ना, त्याच त्या.

आता मी जे खरे सांगायला आलो आहे ते.

काही वर्षांपूर्वी माझ्याकडे एका नाल्याच्या तोंडावरच्या दाराचे काम होते. कुठला नाला, कुठले कार्यालय, ते सांगत नाही, कारण चूक माझी होती. पणजीला असे नाले आहेत. सांत इनेजचा सगळ्यात मोठा, ताळगावच्या बाजूने येऊन शहराच्या पोटातून मांडवीला मिळतो. मळ्याजवळ ओरेंचा आहे. आणि इतर बारीकसारीक. माझा बारीकसारीकांपैकी. त्याच्या मागे एक वाडा, पंधरा-वीस घरे, जुनी, जोती बुटकी. तोंडावर नवे लोखंडी एकेरी दार बसवले. दाराच्या बाहेर कचरा अडवायला जाळी हवी, ती अंदाजपत्रकात होती. पण बिल अडले होते, कंत्राटदार कुरकुरत होता, चवथ तोंडावर आली होती. मी टिपणीवर लिहिले, "जाळीचे काम चतुर्थीनंतर." सही माझी. वरिष्ठांनी फक्त पाहिले म्हणून आद्याक्षर केले.

त्या वर्षी अनंत चतुर्दशीला दुपारपासून पाऊस होता. जोराचा नाही, पण थांबणारा नाही. आम्ही आपल्या मंडळाचा गणपती घेऊन निघालो, मी ताशा वाजवत होतो. तुमच्यातले काही त्या मिरवणुकीत होते. विसर्जन आठच्या सुमाराला झाले. प्रसाद घेऊन घरी येतो तर साडेनऊला फोन, वाड्यात पाणी शिरले.

मी पोचलो तेव्हा गल्लीत गुडघ्याच्या खाली पाणी. लोक म्हणत होते पावसाचे आहे, पंप आणा. मीही तेच म्हणालो आणि पंपासाठी फोन सुरू केले. तिथे एक म्हातारे गृहस्थ होते, तरुणपणी चोडणच्या खाजनात मानशीवर काम केलेले. ते दारातून उतरले, ओंजळीत पाणी घेतले, जिभेला लावले आणि थुंकले. मला म्हणाले, "सायबा, हें खारें. दार धांपूंक ना." दार मिटलेले नाही.

पावसाचे पाणी खारट नसते, एवढी गोष्ट डिप्लोमाच्या तीन वर्षांत आणि नोकरीच्या चौदा वर्षांत मला सुचली नाही. बॅटरी घेऊन तोंडापाशी गेलो. भरती पुरती चढली होती, दार पाण्याखाली, काही दिसेना. एक मुलगा कमरेला दोर बांधून उतरला आणि हाताने चाचपून म्हणाला, मध्ये काहीतरी अडकले आहे. काढता येईना, बाहेरून सगळी नदी दाबत होती. पंप लावला असता तर मांडवी उपसत बसलो असतो. सुकतीची वाट बघण्यापलीकडे काही नव्हते. रात्री दीडच्या पुढे पाणी उतरू लागले, आणि पहाटे दार मोकळे झाल्यावर त्याच्या फटीतून निघाले ते केळीचे खुंट, मखराची लाकडी पट्टी आणि माटोळीची दोरी. दोरीला एक सुपारीचा घड अजून होता.

ते कुठून आले याचा हिशेब मी दुसऱ्या दिवशी तक्ता घेऊन मांडला. तो तुम्हालाही मांडता येईल. कोकणातल्या जुन्या माणसांचे गणित आहे, तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते. हे गणित मुंबईकडचे. भरती किनाऱ्याने दक्षिणेकडून वर सरकते, म्हणून आपल्याकडे साधारण तासभर आधी. चतुर्दशी म्हणजे चौदा, त्याचे पाऊण साडेदहा, तासभर वजा, रात्री साडेनऊ-दहा. म्हणजे अनंत चतुर्दशीला आपण सहा ते नऊ विसर्जन करतो, त्या सगळ्या वेळात पाणी आत येत असते. आपण समजतो देव समुद्राला गेले. मूर्ती जड, ती तळाशी जाते. पण तरंगणारे सगळे उलट वर, शहराकडे आणि नाल्यांत येते. त्याउलट दीड दिवसाचे गणपती. पंचमीला भरती तीनच्या आत, संध्याकाळी पाणी ओसरत असते, सगळे बाहेर जाते. म्हणून इतकी वर्षे दीड दिवसाला कधी अडले नव्हते. अकराव्या दिवशी नाला पावसाने भरलेला, त्यामुळे दार उशिरापर्यंत अर्धे उघडे, आणि त्याच वेळी भरतीने तोंडाशी आणून ठेवलेले हे सामान. पाणी फिरले, खुंट आत ओढला गेला, दार त्याच्यावर मिटले. जाळी असती तर बाहेरच राहिले असते.

कदाचित ती दोरी आपल्या मंडळाची नसेलही. मला मात्र त्या दिवसापासून ती आपलीच वाटते.

वाड्यातल्या एका आजींच्या घरी गणपतीचा पाट पाण्यावर तरंगत होता. त्यांचे तांदूळ, चण्याची डाळ, सुकी मासळी, सगळे खालच्या फळीवर होते. मी माफी मागायला गेलो. जाळीची टिपणी वगैरे काही सांगितले नाही, धीर झाला नाही. नुसते म्हटले, आमचे चुकले. त्यांनी मला नेवरी दिली. म्हणाल्या, वरच्या फळीवर होत्या म्हणून वाचल्या. ती नेवरी मी तिथे उभ्याउभ्या खाल्ली. खरे काय झाले ते त्यांना मी आजतागायत सांगितलेले नाही. इथे पहिल्यांदा बोलतो आहे.

पुढे काय केले, तेही सांगतो. जाळी आठवड्यात बसली, बिलाचे नंतर बघू म्हणून. ती साफ करायला माणूस लागतो, तो मंजूर व्हायला दोन वर्षे लागली. तोवर त्या गृहस्थांचा नातू करायचा, आणि पैसे आम्ही तीन इंजिनियर वर्गणी काढून देत होतो. हे नियमात बसत नाही, पण आता सांगून टाकतो. चतुर्दशीला तोंडापाशी एक होडी उभी असते. वाड्याच्या पुढच्या भिंतीचा नकाशा झाला तेव्हा पायऱ्या काढून सरळ कठडा दाखवला होता, दिसायला छान. मासेमारांच्या होड्या कुठे लागतील आणि लोक पाण्यापर्यंत कसे उतरतील हे विचारायला मी या खेपेस आधी त्या म्हाताऱ्यांकडे गेलो. त्यांनी काठीने चिखलात रेघ मारून दाखवली, पायऱ्या इथे. त्या तिथेच झाल्या आहेत. शेवटची पायरी उधाणाच्या सुकतीलाही पाण्यात राहते.

मंडळाकडे माझी मागणी मोठी नाही. अकराव्या दिवशी मिरवणूक दोन तास आधी काढता येत नाही, मला माहीत आहे, ढोलपथकवाले ऐकणार नाहीत. पण माटोळी, केळीचे खुंट आणि मखर हे गाडीवरच राहू द्या, मूर्तीबरोबर पाण्यात नको. महापालिका निर्माल्य वेगळे घेते. आणि ज्यांची घरे सखल भागात आहेत त्यांनी गल्लीत पाणी आले तर आधी जिभेला लावून बघा. गोडे असेल तर महापालिकेला फोन करा, खारे असेल तर मला. माझा नंबर चिटणीसांकडे आहे.

आज षष्ठी. सहाचे पाऊण साडेचार, तासभर वजा, साडेतीनला भरती होऊन गेली. म्हणजे पाऊण-दहाच्या सुमाराला पाणी सगळ्यात खाली असेल. आरती आणि जेवण आटोपून मी दाराकडे बॅटरी घेऊन जाणार आहे, जाळी बघायला. मुलांपैकी कोणाला यायचे असेल तर घरी विचारून या. चपला नकोत, चिखल आहे, जुने बूट घाला.